दोन वाजून नऊ मिनिटं तेवीस सेकंद

१

तीन नंबरचा हात हलायला नको होता, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो कुणी हलवला यावरही आता एकमत होत आलं होतं, आणि त्या एकमताच्या टोकाला सेकंदताई बसली होती.

औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवणारा तो कारखाना. भट्टीतून निवून आलेल्या बाटल्या उचलून ट्रेमध्ये रचायला तिथे सहा यांत्रिक हात होते. दुपारी दोन ते सव्वादोन हे हात थांबत. तेवढ्यात फिटर हातांभोवतीच्या जाळीच्या आत शिरून रुळांवरची काचेची भुकटी ब्रशने झाडायचा आणि दोन पाचच्या आत बाहेर यायचा. काल तो दोन नऊलाही आतच होता. तीन नंबरचा हात एकदाच, एका झटक्यात खाली आला आणि फिटरच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

वरच्या मजल्यावरच्या काचेच्या गॅलरीतून हे संचालक मंडळाने उभ्या उभ्या पाहिलं. नव्या नेटवर्कवर चालणारे हात त्यांना सव्वादोनला दाखवायचे होते.

नेटवर्क सेकंदताईचं. आणि फिटर तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

सेकंदताई हे नाव तिला जुन्या पॅनेलरूममधल्या काकांनी दिलं होतं. "पाच मिनिटांत येते" असं ती कधी म्हणायची नाही. "चार मिनिटं चाळीस सेकंद" म्हणायची, आणि तेवढ्याच वेळात यायची. लोक हसायचे. काल दुपारपासून कुणी हसलं नव्हतं. तिच्या मशीनला सील लावलं होतं आणि तिला नेटवर्करूमबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. साहेबांनी, म्हणजे प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी, दोन ओळींचा अहवाल तयार ठेवला होता. हुकूम नेटवर्करूममधल्या मशीनवरून, तिच्या नावाने गेला. त्या वेळी खोलीत ती एकटी होती. संध्याकाळी पाच वाजता हा कागद पोलिसांकडे जाणार होता.

पण तिला छळत होता तो कागद नव्हे. काल रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बहिणीने तिचा दंड धरून विचारलं होतं, "तू केलंस का? खरं सांग." ती "नाही" म्हणाली होती. पण तिचं तिलाच नक्की ठाऊक नव्हतं. मुद्दाम केलं नव्हतं हे नक्की. पण आपल्याच प्रोग्राममध्ये कुठे एखादी चूक राहिली असेल तर? काल रात्रभर तिने डोळे मिटून त्यातली ओळ न् ओळ मनात वाचली होती.

अकराला चार मिनिटं कमी असताना एक किरकोळ अंगाची बाई बाकाशी येऊन उभी राहिली. हातात वही, खांद्याला कापडी पिशवी, पायात आवाज न होणाऱ्या चपला.

"मी सुरक्षा खात्याची तपासनीस. नेटवर्क तुम्हीच बघता ना?"

"हो."

"मग उठा. तीन जणांशी बोलायचंय आणि त्यांची भाषा मला कळत नाही. तुम्ही शेजारी बसून समजावून सांगायचं."

"पण संशय माझ्यावर आहे."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तुम्ही समजावताना खोटं बोललात तर मला तेही कळेल."

२

नेटवर्करूममधल्या मशीनचा पासवर्ड अधिकृतपणे तिघांकडे होता. सेकंदताईकडे, साहेबांकडे सीलबंद पाकिटात, आणि नवं नेटवर्क विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनीअरकडे, ज्याला सगळा कारखाना टायवाला म्हणत असे. काकांना बाईंनी बोलावलं ते वेगळ्या कारणाने. गॅलरीतून खाली धावून जाळीजवळचं लाल बटण दाबणारे आणि यंत्र बंद करणारे तेच; साहेब आणि टायवालाही तेव्हा गॅलरीतच होते.

आधी साहेब आले. सेकंदताईला तिथे बसलेली पाहून दारातच थबकले.

"ही इथे कशी?"

"दुभाषी म्हणून."

"आरोपी दुभाषी? छान!"

त्यांनी पाकीट टेबलावर आपटलं. सील शाबूत होतं. बाईंनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"फिटर दोन पाचला बाहेर येतो. काल का नाही आला?"

साहेबांनी घसा खाकरला. "पाहुणे बघणार होते. रूळ पुन्हा एकदा पुसून घे म्हणालो. चकाकायला पाहिजे म्हटलं."

"आणि जाळीचं दार उघडं असताना हात हलूच नयेत म्हणून दाराला सेन्सर असतो. दार बंदच आहे असं त्याला वाटावं म्हणून त्यावर चुंबक चिकटवलेलं सापडलं."

"ते सगळीकडेच... म्हणजे प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा चालू करायला वीस मिनिटं जातात हो."

"त्याचा अहवाल वेगळा होईल," बाई शांतपणे म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांचा आवाज तिथून पुढे बराच खाली आला. बाईंनी शेवटी विचारलं, "तो हात हलला तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

"कुठे म्हणजे? संचालकांच्या तोंडाकडे!"

टायवाला आला तो घामाने डबडबून. एवढी मोठी विक्री हातची चालली होती. त्याचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा होता.

"हातांना हुकूम पाठवणाऱ्या आमच्या कार्डात दोष नाही, मॅडम. कार्डाला भिंतीवरचं घड्याळ कळत नाही, त्याला त्याचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते कधी चुकत नाही. सांगा ना यांना," तो सेकंदताईला म्हणाला. "तुम्हाला माहितीये."

"कुठे बघत होतात?"

"हातांकडे. दुसरीकडे कुठे बघणार? पोटापाण्याचा प्रश्न आहे माझ्या."

शेवटी काका आले. नवं नेटवर्क कायमचं आलं की बंद होणाऱ्या जुन्या पॅनेलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. गुडघ्यांना पट्टे, बोटांना कायम तेलाचा वास. सेकंदताई नवी होती तेव्हा तिला वायरीला टोक कसं काढायचं ते याच माणसाने शिकवलं होतं. रोज साडेबाराला तिच्या खोलीत दोन कप चहा घेऊन येणाराही हाच. आत येताच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"खाल्लंस का काही?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काल दुपारपासून तिला असं कुणीच विचारलं नव्हतं.

"तुमच्यामुळे फिटरचा हात वाचला म्हणतात," बाई म्हणाल्या.

"कसला वाचला! दोन बोटं गेली." काकांनी मान हलवली. "हात खाली आला, आरडाओरडा झाला, मी धावलो आणि बटण दाबलं. कुणीही दाबलं असतं."

"तो हलला तेव्हा कुठे बघत होतात?"

"घड्याळाकडे. भिंतीवरच्या. दोन दहाला अजून अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ होता, आणि तेवढ्यात..." ते थांबले. "पोरीचं नाव नका घालू, बाई. ती असं करणारी नाही."

बाईंनी लिहून घेतलं. तिसऱ्या पानावर, बाकी दोघांपेक्षा जास्त वेळ लावून. मग त्या सेकंदताईकडे वळल्या.

"आता मशीनचं सील काढू या."

३

सेकंदताईने लॉग उघडला. लॉग म्हणजे तारेवरून काय, केव्हा गेलं याची मशीनने स्वतः ठेवलेली नोंद, आपल्या नेहमीच्या घड्याळाच्या वेळेत. आपली चूक असेल तर ती इथे दिसणार होती.

तिने ओळ शोधली. पहिल्यांदा जिवात जीव आला. हुकूम तिच्या प्रोग्राममधून गेला नव्हता. कुणीतरी हाताने टाइप केलेला, एक सुटा हुकूम होता तो. "माझी चूक नाही," ती पुटपुटली. "प्रोग्राम बरोबर आहे."

"वेळ वाचा," बाई म्हणाल्या.

"दोन वाजून नऊ मिनिटं तेवीस सेकंद."

"आणि त्यापुढे?"

"शून्य, शून्य, शून्य, शून्य..." तिचा आवाज हळू होत गेला. दशांशचिन्हापुढे सहा शून्यं होती.

"माणसाने बटण दाबलं तर असं होतं?"

"नाही. माणसाचं बोट कुठेही पडतं. इतकं नेमकं..." तिने शून्यांवर बोट ठेवलं. "हे पॅकेट वेळ लावून ठेवलेलं आहे."

"साध्या भाषेत."

"हातांना हुकूम ठरल्या क्षणीच मिळावा लागतो. जरा पुढेमागे झाला तर दोन हात एकमेकांवर आपटतील. म्हणून हुकमाचं पॅकेट आम्ही आधीच तयार करतो, त्यावर निघायची वेळ लिहितो आणि नेटवर्क कार्डाच्या हवाली करतो. कार्ड ते धरून बसतं आणि वेळ झाली की सोडतं. रोज आम्ही क्षणभर आधी देतो. पण दोन तास आधी दिलं तरी ते दोन तास धरून बसेल."

"म्हणजे दोन नऊला खोलीत कोण होतं याला काही अर्थच नाही."

"नाही! गॅलरीतल्या कुणीही ते आधी..." ती आनंदाने बोलून गेली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"पॅकेट कार्डाला कधी दिलं, ते कुठे लिहिलेलं असतं?"

"नाही."

"आणि अशी वेळ लावायला या कारखान्यात सगळ्यात चांगलं कुणाला येतं?"

सकाळी सेकंदताई फक्त खोलीत सापडलेली बाई होती. आता ती हे करू शकणारी बाई झाली होती. खिडकीतून आवारातलं घड्याळ दिसत होतं. एक वाजत आला होता.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "पासवर्ड तिघांकडेच होता ना?"

तिने मान खाली घातली. काल लेखी जबाबात तिने हो लिहिलं होतं. पण मागच्या महिन्यात तिची मुलगी तापाने फणफणली होती, आणि तिने घरून काकांना फोन करून पासवर्ड सांगितला होता. एकच मशीन बंद करून चालू करायचं होतं, त्यासाठी. नियमात बसणारं नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. काका गॅलरीत होते, त्यांचा काय संबंध, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आता गॅलरीत असण्याला अर्थ उरला नव्हता.

"चौघांकडे," ती म्हणाली.

४

हॉस्पिटल कारखान्यापासून दोन चौक पुढे. बहीण वॉर्डबाहेरच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर नवऱ्याचा शर्ट घडी घालून. धाकटीला पाहून ती उठली नाही आणि सरकलीही नाही. शेजारची खुर्ची रिकामी असून सेकंदताई उभीच राहिली.

आत फिटर मात्र जागा होता. डाव्या हाताला मोठं बँडेज आणि चेहऱ्यावर औषधाची गुंगी.

"या मेहुणीबाई. किती मिनिटं, किती सेकंद आहात?"

"भावोजी, गप्प बसा," ती कशीबशी म्हणाली.

बाईंनी खुर्ची ओढली. "तुमचे दोन्ही हात आत होते?"

"होते की. डाव्याने ट्रे धरलेला, उजव्यात ब्रश. तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. आधी वाजू दिला, पाहुणे बघतायत म्हटलं. पण थांबेचना. शेवटी वैतागून ब्रश ठेवला, उजवा हात मागे घेतला. आणि धाड्कन!" त्याने उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो कुणीतरी नुकताच आणून दिला होता. "हिचा फोन नसता तर दोन्ही गेले असते. जन्मात पहिल्यांदा हिने वेळेवर फोन केला."

दारात उभी असलेली बहीण म्हणाली, "मी कुठे फोन केला?"

"तू नाही केलास?"

"मी तर बँकेच्या रांगेत होते."

बहिणीने पिशवीतून नवऱ्याचा फोन काढला. काचेला आडवा तडा गेला होता. कालपासून कुणी तो उघडून पाहिलाच नव्हता. तिने पाहिलं आणि तिचा चेहरा निवळला.

"दोन नऊचा आहे. काकांचा." ती पहिल्यांदाच धाकट्या बहिणीकडे बघून बोलली. "बघ, तेच फोन करणार, तेच धावत येणार. आणि आम्ही त्यांना साधं धन्यवादसुद्धा म्हटलं नाही."

सेकंदताईने तो फोन हातात घेऊन वेळ पुन्हा पाहिली. काकांनी सकाळी फोनचं नाव काढलं नव्हतं. हात खाली आला, मग धावलो, असं ते म्हणाले होते. हात खाली यायच्या आधीच फोन कशाला?

५

"अजून पुरावा नाही," परतताना बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाने काळजीने फोन केला, एवढंच. दुसरं काहीतरी अडतंय मला. एखाद्याने वेळ लावायचीच, तर दोन नऊ तेवीस का? दोन दहा लावेल, दोन पाच लावेल. तेवीस सेकंद कोण लावतं?"

"कुणीच..." सेकंदताई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत, शिव्या पुटपुटत वळसा घालून गेला. "बाई, कुणीच तेवीस लावलं नाही. दोन दहाच लावलं होतं!"

"कसं?"

"पृथ्वी फिरताना किंचित रेंगाळते. तिच्याशी जुळवून घ्यायला आपली सगळी घड्याळं अधूनमधून एकेक सेकंद थांबवली गेलीत. कार्डाचं घड्याळ थांबत नाही, ते सरळ मोजत जातं. त्यामुळे कार्ड आज भिंतीवरच्या घड्याळाच्या सदतीस सेकंद पुढे आहे. कार्डात दोन दहा वाजतात तेव्हा भिंतीवर..."

"दोन नऊ तेवीस." बाईंनी वहीत वजाबाकी केली, खाली रेघ ओढली. "मग तुमचे हात रोज वेळेवर कसे चालतात?"

"माझा प्रोग्राम आपण होऊन सदतीस मिळवतो. टायवाल्यानेच तो बसवून दिला, त्याला हे पाठ आहे."

"म्हणजे हे ज्याने केलं, त्याला पॅकेटला वेळ लावता येते, पण सदतीस माहीत नाहीत. असं अर्धं शिक्षण कुठे मिळतं?"

उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते ओठांवर यायला तयार नव्हतं. तिच्या खोलीच्या कोपऱ्यात सरावाचं एक जुनं मशीन होतं. त्यातलं कार्ड भिंतीवरच्याच घड्याळावर लावलेलं होतं. तिथे काही मिळवावं लागत नसे. दोन महिन्यांपूर्वी चहा पिताना काका म्हणाले होते, "मलाही दाखव की तुझी जादू." आणि तिने कौतुकाने दाखवली होती. एका टेबलावरचा दिवा, बरोबर ठरल्या सेकंदाला लागणारा. काकांनी सात वेळा करून पाहिलं होतं. आठव्या वेळी तिच्याकडे न बघता जमवलं होतं.

काल साडेबाराला चहा आणल्यावर ते तिच्या खोलीतच बसले होते. कप विसळायला ती बाहेर गेली होती. साडेतीन मिनिटं.

"तुम्ही मुद्दाम चुकलात असंही कुणी म्हणेल," बाई म्हणाल्या. "संशय दुसऱ्यावर जावा म्हणून. तेव्हा आता गॅलरीचा जिना बघू."

लाल बटण केव्हा दाबलं गेलं, हेही लॉगमध्ये होतं. दोन नऊ एकतीस. हात हलल्यानंतर आठ सेकंदांनी.

बाईंनी सेकंदताईला गॅलरीत काकांच्या जागी उभं केलं आणि स्वतः बटणाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "पळा!"

सव्वीस पायऱ्या, मग भट्टीच्या पट्ट्याला वळसा, मग जाळी. ती जीव तोडून पळाली. एकवीस सेकंद. पुन्हा पळाली. वीस. तिसऱ्या वेळी कठडा धरून दोन-दोन पायऱ्या उतरली, आणि एकोणीसच्या खाली काही यायला तयार नव्हतं. तिचे गुडघे धड होते. काकांच्या गुडघ्यांना पट्टे होते.

ती जाळीला टेकून धापा टाकत राहिली. आठ सेकंदांत तिथे पोचता येत नव्हतं. तिलाही नाही, कुणालाच नाही.

"ते आधीच निघाले होते," ती म्हणाली. "हात हलायच्या आधी."

बाईंनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. "चार वाजून दहा मिनिटं झालीत. पॅनेलरूम कुठे आहे?"

६

जुन्या पॅनेलरूममध्ये अजून टकटक चालू होती. भिंतभर रिले, म्हणजे टकटकत उघडझाप करणारे विजेचे स्विच, त्यांच्यावर पितळी आकडे. काका एका स्क्रूवर वाकले होते. कोपऱ्यात त्यांची चार माणसं डबे धूत होती. बाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

"काका," बाई म्हणाल्या, "दोन दहाला काय होणार होतं?"

"सव्वादोनला कार्यक्रम..."

"सव्वादोनला कार्यक्रम. दोन पाचला फिटर बाहेर येणार. दोन दहाला या कारखान्यात कुणाचंच काही नव्हतं. साहेब पाहुण्यांकडे बघत होते, इंजिनीअर हातांकडे बघत होता. एकटे तुम्ही घड्याळाकडे बघत दोन दहाची वाट बघत होतात. फिटर अजून आत आहे हे दिसल्यावर तुम्ही फोन केलात. त्याने उचलला नाही, तेव्हा निघालात. हात हलायच्या निदान अकरा-बारा सेकंद आधी."

काकांनी स्क्रू पुरता आवळला. मग स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवला.

"पन्नास सेकंद होते माझ्याकडे," ते म्हणाले. बाईंशी नाही, सेकंदताईशी. "घड्याळ बघून निघालो होतो गं. मी पोचलो असतो. कसं झालं ते मला अजून कळत नाही. रात्रभर तेच चाललंय डोक्यात."

"सदतीस सेकंद कमी होते, काका."

तिने सांगितलं. पृथ्वीचं, घड्याळांचं, सरावाच्या कार्डाचं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले, जसं ती कधीकाळी त्यांचं ऐकायची.

"हे मला तू सांगितलं नव्हतंस."

"त्या मशीनला लागत नाही."

"आणि मला वाटलं, आपल्याला सगळं आलं." ते स्टुलावर बसले. "एकच झटका द्यायचा होता. रिकामा, आत कुणी नसताना. पाहुण्यांनी बघावं आणि म्हणावं की नवं अजून भरवशाचं नाही, वर्षभर जुनं पॅनेल राहू दे. मी तर पुढच्या वर्षी घरीच चाललो होतो. ही चौघं कुठे जाणार?"

"ओरडायचं होतं!" तिचा आवाज चढला. "सगळ्यांसमोर ओरडायचं! मागे वळून साहेबांना सांगायचं!"

"पन्नास सेकंद आहेत म्हटलं. कुणाला कळायच्या आत बंद करून टाकू म्हटलं."

"आणि माझं नाव येतंय हे कळल्यावर?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"पाचच्या आधी."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "चार सतरा झालेत."

टेबलावरचा काकांचा फोन थरथरला आणि पडदा उजळला. फिटरच्या फोनवरून निरोप आला होता. सेकंदताईला उभ्या जागेवरून तो वाचता आला. 'काका, तुमच्या फोनमुळे यांचा उजवा हात वाचला. उपकार विसरणार नाही.' काकांनी तो दोनदा वाचला. फोन पालथा घातला. मग खिशातून पेन काढून बाईंकडे हात पसरला.

"कागद द्या."

ते हळूहळू लिहीत होते, पॅनेलवरच्या आकड्यांसारख्या सुट्या, ठळक अक्षरांत. एक पान झालं, दुसरं सुरू झालं. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"वेळ कुठली घालू? तुझ्या कार्डाची की भिंतीवरची?"

"भिंतीवरची," ती म्हणाली.

त्यांनी सही केली. बाईंनी कागद वहीत ठेवला, आणि वहीतला साहेबांचा दोन ओळींचा कागद काढून आडवा, मग उभा फाडला.

पाचला दहा मिनिटं असताना सेकंदताई फाटकाबाहेर आली तेव्हा बहिणीचा फोन आला.

"बाईंचा फोन आला होता. सगळं सांगितलं त्यांनी." तिने आवाज खाली आणला. "काकांना मी तो निरोप पाठवला होता गं."

"वाचला त्यांनी."

"आता काय करू?"

"राहू दे तो. फोन त्यांनीच केला होता, आणि हात त्यामुळेच वाचला. तेवढं खरं आहे."

बहीण रडत होती की काय ते कळेना. मग तिने नाक ओढलं. "इथे खुर्ची रिकामी आहे माझ्याशेजारी. कधी येतेस?"

"येते."

"येते म्हणजे किती वेळात?"

सेकंदताईने चौकाकडे पाहिलं. दोन चौक, एक सिग्नल, हॉस्पिटलचा जिना. हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि तिने तो अर्ध्यावर सोडून दिला.

"निघाले बघ," ती म्हणाली आणि चालायला लागली.